दापोडीची कस्तुरा आणि नामदार बघूकरू

प्रमुख पाहुणे वेळेवर आले असते, तर कस्तुरा औषधाच्या गोळ्या बाटल्यांत भरता भरताच म्हातारी झाली असती.

एकाहत्तर सालची गोष्ट. पिंपरीच्या एका औषध कंपनीत कामगारांचं स्नेहसंमेलन होतं. मांडव गच्च भरला होता आणि पाहुण्यांच्या जीपचा पत्ता नव्हता. पाहुणे म्हणजे सोपानराव, त्या भागातले उगवते पुढारी. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. वेल्फेअर ऑफिसरांनी दोन भावगीतं म्हणवून घेतली, एका फिटरला बासरी वाजवायला लावली आणि मग त्यांच्याकडचा माल संपला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा पॅकिंग खात्यातल्या बायकांनी कस्तुराला पुढे ढकललं.

"साहेब, हिला सांगा. जेवणाच्या सुट्टीत ही अण्णांचं भाषण करून दाखवते."

कस्तुरा तेव्हा तेविशीतली. दापोडीला रुळांजवळच्या वस्तीत तिचं घर. तिचे वडील कोंडीराम दिवसा एसटीच्या वर्कशॉपात घण मारायचे आणि सुट्टीला भीमजलशात सोंगं काढायचे. सावकार म्हणू नका, तलाठी म्हणू नका, फौजदार म्हणू नका, कोंडीराम उभा राहिला की लोक आधीच हसायला लागत. लेकीला ते सांगायचे, "आधी मानसाची चाल उचलायची. बोलनं आपोआप मागनं येतं." ते गेले, पण चाल उचलायची सवय लेकीकडे राहिली.

तिनं पॅकिंगमधला कापूस पोटाला बांधला, टाइमकीपरची टोपी डोक्यावर घातली आणि धोतर सावरल्यासारखा हात करत स्टेजवर आली. माइकवर दोन टिचक्या मारल्या. मांडव शांत झाला.

"बंधूंनो आणि भगिनींनो. तुमच्या वस्तीत पाणी नाही हे मला माहीत आहे. गेल्या वर्षीही मला हे माहीत होतं. पुढच्या वर्षीही मी हे विसरणार नाही, असा शब्द मी तुम्हाला देतो."

मांडवात हशा उठला. पॅकिंगमधली एक बाई ओरडली, "अण्णा, दवाखान्याचं काय?"

"बघू."

"कधी बघणार?"

"करू."

"काय करणार?"

"बघू ना."

लोक खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात होते. तेवढ्यात कस्तुराची नजर मागे गेली आणि तिनं पोटावरचा कापूस दोन्ही हातांनी झाकला. मांडवाच्या दाराशी सोपानराव उभे होते. कधी आले कोण जाणे. ते सावकाश चालत स्टेजवर आले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आता मी काय बोलू? माझं भाषण तर होऊन गेलं." मग स्वतःच पोट धरून हसले. त्यांनी कस्तुराच्या गळ्यात स्वतःचा हार घातला.

घरी जाताना कस्तुरा नवऱ्याला, भीमराजला म्हणाली, "मोठ्या मनाचा माणूस आहे हो."

"आहे खरा," भीमराज म्हणाला. "दवाखान्याचं मात्र काही बोलला नाही."

पण त्या दिवशी कस्तुराच्या कानांत टाळ्या होत्या. भीमराजचं बोलणं तिथपर्यंत पोचलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांत पुण्याकडे टीव्ही दिसू लागला. छपरांवर काठ्या उगवल्या. एका सकाळी दापोडीच्या गल्लीत अरुंधती आली. ती चिंचवडच्या एका शिक्षकाची मुलगी, मुंबईला टीव्हीवर कार्यक्रम बसवायची. कामगारांसाठी 'गेट नंबर दोन' नावाचा कार्यक्रम तिच्या डोक्यात होता आणि त्या संमेलनाची गोष्ट तिच्या कानावर आली होती.

कस्तुराच्या आईनं, केसरबाईनं, तिला पाट दिला, चहा दिला आणि मग उलटतपासणी घेतली. "टीवी म्हंजी रेडिवच की. मंग हिचं सोंग दिसनार कसं?"

"दिसतं आजी त्यात. सिनेमासारखं."

"आनि समदे बघत्यात?"

"सगळे."

"मंग न्हाई. दिसायचं आसंल तर आदी हिच्या नवऱ्याला इचारा."

भीमराज नुकताच पहिल्या शिफ्टवरून आला होता. हातपाय पुसत म्हणाला, "मला काय विचारता मामी? हळदीला हिनं माझ्या चुलत्याची नक्कल केली, ती काय मला विचारून केली होती?"

अशी कस्तुरा टीव्हीवर गेली, आणि पहिल्याच दिवशी सपशेल आपटली. स्टुडिओत दिव्यांचा उजेड डोळ्यांवर, समोर यंत्रं, आणि हसायला कोणी नाही. ती ओरडून बोलली, हात फेकले, टोपी उडवली. कॅमेऱ्यामागचा माणूस जांभई देत होता. अरुंधतीनं तिला बाजूला घेतलं.

"कस्तुराताई, जलशात शेवटच्या माणसाला दिसावं म्हणून हात एवढा वर न्यावा लागतो. इथं शेवटचा माणूस तुमच्यापासून वीतभर लांब बसलाय. एक भुवई हलवली तरी पुरे."

कस्तुराला राग आला. बापाची विद्या ही परवाची पोरगी खोडून काढते म्हणजे काय. पण अरुंधतीनं कॅन्टीनमधली चार माणसं आणून समोर बसवली, आणि कस्तुरानं निम्म्या आवाजात, नुसत्या भुवईनं भाषण केलं. कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी कंपनीच्या करमणूक हॉलमध्ये तिनं स्वतःला पाहिलं. अण्णांच्या त्या सोंगाला अरुंधतीनं नामदार बघूकरू असं नाव दिलं होतं. नामदार कामगारांच्या मागण्या ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांची डावी भुवई झोपेला आली होती. हॉल हसून हसून बेजार झाला. कस्तुरानं मनातल्या मनात अरुंधतीला हात जोडले. तोंडावर मात्र तसं कधी म्हटलं नाही.

नामदार बघूकरू बघता बघता घराघरांत गेले. एसटीतले कंडक्टर सुटे मागितले की "बघू" म्हणायचे, आणि प्रवासी "करा" म्हणायचे. चाकणच्या कांदा बाजारात हमाल मंडळींनी तिला ओळखून कांद्याची गोणीच भेट दिली. ती घरी आणताना भीमराजच्या सायकलची ट्यूब फुटली. शेजारची मंजुळाबाई गल्लीत सगळ्यांना सांगायची, "आमची कस्तुरा, तिला नाटकातली मिशी पयल्यांदा मीच चिकटवली. खळीनं."

विनोदाला मालमसाला घरचाच होता. वस्तीला प्रसूतिगृह देतो म्हणून सोपानरावांनी कोनशिला बसवली होती. नारळ फुटला, फोटो निघाला, आणि मग त्या कोनशिलेला गल्लीतल्या शेळ्या बांधल्या जाऊ लागल्या. कस्तुरानं त्यावर एक अख्खा भाग केला. नामदार बघूकरू शेळ्यांना उद्देशून भाषण करतात, "या प्रकल्पाचा लाभ समाजातल्या एका घटकाला तरी मिळाला, याचं मला समाधान आहे." दुसऱ्या दिवशी सोपानरावांनी तिला रस्त्यात गाठलं. तिला वाटलं, आता झालं. पण अण्णा डोळे पुसत होते.

"ताई, शेळ्या काय सांगितल्यात तुम्ही. आमच्या घरचे सगळे लोळले."

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली, आणि हसण्यालाही वरून मंजुरी लागायला लागली. 'गेट नंबर दोन' बंद झालं. अरुंधतीला शेतीच्या कार्यक्रमावर घातलं, तिथं ती फवारणीच्या वेळा सांगत बसली. कस्तुरा पॅकिंगमध्ये होतीच. एकदा एक हवालदार गल्लीत येऊन तिच्याबद्दल विचारपूस करून गेला. घरच्यांची झोप उडाली. सोपानरावांच्या कानावर गेलं आणि पुन्हा कोणी आलं नाही. नंतर भेटल्यावर ते म्हणाले, "मी सांगितलं त्यांना. म्हटलं, ती आपलीच बाई आहे."

कस्तुरानं त्यांचे आभार मानले. घरी आल्यावर मात्र तो एक शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखा टोचत राहिला. ती भीमराजला म्हणाली, "मी त्यांची कशी काय झाले हो?"

"हवालदार गेला ना? मग जेव आता," भीमराज म्हणाला.

सत्त्याहत्तरला वारं फिरलं. अरुंधती पुन्हा स्टुडिओत आली, नामदार बघूकरूंनी पुन्हा टोपी घातली, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त हसले, कारण मधली वर्षं हसायची राहिली होती. पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक लागली. सोपानराव उभे राहिले. प्रचाराच्या पहिल्या सभेत त्यांनी माइकवर दोन टिचक्या मारल्या, डावी भुवई झोपेला आणली आणि म्हणाले, "बघू." सभेनं एका आवाजात उत्तर दिलं, "करू." मग भिंतींवर रंगवलं गेलं, 'खूप बघितलं, आता करू.' विरोधी उमेदवार बिचारा आकडेवारी घेऊन फिरत होता. त्याच्या सभेला लोक यायचे आणि बघूकरूंची नक्कल करा म्हणून आरडाओरडा करायचे.

सोपानराव दणक्यात निवडून आले. मिरवणूक मुद्दाम दापोडीच्या गल्लीत थांबली. आमदारांनी जीपवरून उतरून कस्तुराला नारळ दिला.

"ताई, माझा निम्मा प्रचार तुम्ही केलात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कस्तुराही हसली, नमस्कार केला. नारळ घेऊन ती आत आली तर केसरबाई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सोंग तू काडलंस आनि खुर्ची त्याला मिळाली व्हय."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मंजुळाबाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दुपारची वेळ. मंजुळाबाईचा नवरा कामावर होता. कस्तुरानं धावत जाऊन भाजीचा टेम्पो थांबवला, आत गोधडी टाकली आणि तिला घेऊन निघाली. फाटक बंद होतं. मालगाडी हळूहळू जात राहिली. फाटक उघडलं तर पुढे रस्त्यावर ट्रकांची रांग. मंजुळाबाईनं कस्तुराचं मनगट धरलं होतं, त्यावर नंतर आठवडाभर काळेनिळे वण होते. टेम्पो पुण्याच्या दवाखान्यात पोचला तेव्हा मूल जन्मून गेलं होतं. मुलगी होती. ती रडली नाही.

मंजुळाबाई वाचली. घरी आल्यावर पुष्कळ दिवस ती कोणाशी फारसं बोलत नव्हती. कस्तुरा रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायची. एकदा शेजारच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येऊ लागला. जुना भाग पुन्हा दाखवत होते, शेळ्यांचा. पलीकडे माणसं हसत होती. कस्तुराला वाटलं, उठून जावं आणि तो टीव्ही बंद करावा. तेवढ्यात मंजुळाबाईच बोलली.

"एक सांगू का गं. त्या अण्णाचा मला राग यायला पायजेल. मी लई प्रयत्न करते. पण त्याचं तोंड डोळ्यांपुढं आलं की तुझी ती भुवई आठवती, आनि हसूच येतं. राग येतच न्हाई मला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. तिला खरोखरच नवल वाटत होतं.

कस्तुरा घरी आली. आजवर ती समजत होती की आपण अण्णांना टोचतोय. आता तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं आपण त्यांची दाढी करून, तेल लावून, भांग पाडून त्यांना लोकांपुढे उभं करत होतो. पुढच्या भागासाठी टोपी घालायला तिचं मन होईना. तिनं अरुंधतीला सांगितलं, "बघूकरू मेले असं समजा."

अरुंधतीनं टीव्हीची नोकरी त्याच सुमाराला सोडली होती. मित्रमंडळींना जमवून ती सिनेमा काढायच्या खटपटीत होती, आणि सिनेमा अर्थातच नामदार बघूकरूंवर होता. ती दापोडीला आली आणि दिवसभर दोघींचा वाद झाला.

"अहो, लोक तिकिटं काढणार ती बघूकरूंसाठी," अरुंधती म्हणाली.

"येऊ देत की. पण मी त्यांचं काम करणार नाही. मी बाईचं करणार. साहेबांच्या बंगल्यावर अर्ज घेऊन जाते ती बाई."

"मग बघूकरू कोण करणार?"

"कोणीच नाही. नुसतं दार ठेवा. दारामागनं आवाज येईल तेवढा पुरे."

अरुंधतीनं वहीत एका दाराचं चित्र काढलं. मग म्हणाली, "आणि हसायचं कधी?"

"सुरुवातीला भरपूर हसवते. मला दुसरं येतंय काय?"

मंजुळाबाईला विचारल्याशिवाय कस्तुरा पुढं जायला तयार नव्हती. मंजुळाबाईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "टेम्पो दाखव. फाटक दाखव. मला रडताना दाखवू नगंस. मी रडले न्हाई तवा."

शूटिंगला बंगला हवा होता. सोपानरावांना बातमी लागली आणि त्यांनी आपणहून निरोप धाडला, माझा घ्या. कस्तुरा स्वतः त्यांना भेटायला गेली. त्यांना अंधारात ठेवून काम करणं तिला पटत नव्हतं.

"अण्णा, ह्यात मी तुमची नक्कल करणार नाही."

"मग माझं काम कोण करतंय?"

"कोणी नाही. तुमचं दार आहे फक्त."

अण्णा खळखळून हसले. "ताई, तुमचं डोकं अफाट चालतं. दार म्हणे. घ्या, दार घ्या, ओटी घ्या, काय पाहिजे ते घ्या. माझ्या माणसांना सांगतो, चहापाण्याचं बघतील."

आणि खरंच त्यांच्या माणसांनी चहापाण्याचं उत्तम बघितलं. त्यातल्याच एकाला अरुंधतीनं दाराशी बसणाऱ्या शिपायाचं काम दिलं. त्याला अभिनय शिकवावा लागला नाही. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य तो इतक्या तऱ्हांनी म्हणायचा, की कस्तुराला स्वतःचं हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागायचा.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात सिनेमा आला. पिंपरीच्या थेटरात पहिल्या खेळाला सोपानराव पुढच्या रांगेत सहकुटुंब बसले. मागे दापोडीची सगळी गल्ली, कंपनीतल्या बायका, शिफ्ट बदलून आलेले कामगार. केसरबाईला थेटरातल्या खुर्चीची मिटलेली सीट खाली पाडायची असते हे माहीत नव्हतं, ती सगळा सिनेमा सीटच्या कडेवर टेकून बघत होती.

सिनेमातली बाई पोटुशी होती. ती बंगल्यावर यायची, शिपाई तिला बसवायचा, दारामागून साहेबांचं हसणं, फोनची घंटी आणि कपबश्यांचा आवाज यायचा. ती बाई दर खेपेला नवीन युक्ती काढायची. एकदा ती मतदार म्हणून आली, एकदा दूधवाली म्हणून, एकदा थेट साहेबांची आत्या म्हणून. थेटर गडगडत होतं. सोपानराव तर रुमालानं डोळे टिपत होते. दारामागून दर वेळी तेच ऐकू यायचं, "बघू." आणि थेटर ओरडायचं, "करू."

मग टेम्पो आला. फाटक आलं. मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहिले आणि अरुंधतीनं कॅमेरा कस्तुराच्या तोंडावरून हलवलाच नाही. कस्तुरानं एक भुवईसुद्धा हलवली नव्हती. गाडीच्या खडखडाटातून दारामागचा तोच आवाज पुन्हा आला, "बघू."

थेटरात कोणीतरी सवयीनं "क" म्हणालं आणि तिथंच थांबलं. त्यानंतर शेवटपर्यंत कोणी हसलं नाही.

दिवे लागले. लोक खाली मान घालून बाहेर पडत होते. मंजुळाबाई जागची उठली नव्हती. तिनं कस्तुराला जवळ बसवून घेतलं आणि सावकाश म्हणाली, "आला गं. आला मला राग." आणि तेव्हा कुठे ती रडली.

सोपानराव बाहेर उभे होते. हार त्यांच्या माणसाच्या हातात तसाच होता. ते रागावले नव्हते, पण हसतही नव्हते. कस्तुरानं त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "ह्यात मी कुठं दिसलोच नाही."

"तुम्ही तिथं नव्हताच ना अण्णा," कस्तुरा म्हणाली.

ती हे वेडावून म्हणाली नाही. तिचा स्वतःचा आवाज होता तो. अण्णांनी मान डोलावली, बायकोला हाक मारली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

सिनेमा पिंपरीत चांगला चालला, पुण्यात बरा, मुंबईत आला कधी आणि गेला कधी ते कळलं नाही. काही पेपरांनी कौतुक केलं. एकानं लिहिलं की लोकांची लाडकी कस्तुरा हल्ली हसवायला विसरली. कस्तुरानं ते केसरबाईला वाचून दाखवलं. केसरबाई म्हणाली, "त्याला घरी बोलीव. दोन दिस माज्यासंगट ऱ्हाऊ दे."

बाकी जग उलटंपालटं झालं नाही. सोपानरावांची आमदारकी तशीच राहिली. पण त्यांनी सभांत भुवई झोपवणं सोडून दिलं. कारण एकदा भोसरीत त्यांनी "बघू" म्हटलं, आणि समोरच्या बायकांनी उत्तर दिलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. पुढे वस्तीजवळ भाड्याच्या तीन खोल्यांत एक नर्स आणि एक डॉक्टरीणबाई बसू लागल्या. ते सिनेमामुळे झालं, की नगरपालिकेची महापालिका होणार म्हणून झालं, की डॉक्टरीणबाईंची बदली आपोआप तिथं झाली, याबद्दल गल्लीत निरनिराळी मतं होती. कस्तुरा त्या वादात पडली नाही.

सिनेमावाल्यांनी तिला खाष्ट सासूच्या भूमिका विचारल्या. तिनं एक केली, पैठणी नेसून, आणि तिला भयंकर कंटाळा आला. मग एक दिवस अरुंधती नवीन गोष्ट घेऊन दापोडीला आली. गोष्ट एका युनियन लीडरची होती, जो मालकासारखं चालायला शिकतो. अरुंधती सांगत होती, आणि कस्तुरा तांदूळ निवडता निवडता थांबली. ती ताट बाजूला सारून उठली. खांदे किंचित मागे घेतले, दोन पावलं कामगारासारखी टाकली, तिसरं मात्र जरा जपून, बुटाला धूळ लागू नये असं टाकलं.

भीमराज दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "अगं, हा तर आमच्या युनियनचा जनरल सेक्रेटरी."

"नाव घेऊ नका," कस्तुरा म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून चालून बघू लागली.